कॉलेज बास्केटबॉलपटूची कारकीर्द कशी वाचावी : स्टीफन करीच्या डेव्हिडसनमधील तीन हंगामांच्या आधारे

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल, म्हणजे एनबीए, आपल्याकडे आता बरेच जण आवडीने पाहतात. पण तेथील खेळाडू ज्या कॉलेजांतून आले त्या कॉलेजांतील त्यांची कारकीर्द आपल्याला बहुधा एका ओळीपुरतीच माहीत असते. अमुक विद्यापीठ, तीन वर्षे, सामन्यामागे पंचवीस गुण, एवढे वाचून आपण पुढे सरकतो. खेळाडू घडला तो नेमका या वर्षांत, आणि त्या घडणीचा मागमूसही या ओळीत नसतो. ही ओळ उलगडायची कशी, कोणता आकडा आधी पाहायचा, कोणता नंतर आणि कोणत्या आकड्यापाशी थांबून विचार करायचा, हे येथे एका खऱ्या उदाहरणावर करून दाखवले आहे. त्यासाठी एक कोरी वही, पेन आणि साधी आकडेमोड पुरेशी आहे.

उदाहरण स्टीफन करीचे घेतले आहे. एनबीएतील त्याचे यश सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ते येथे बाजूला ठेवू. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील डेव्हिडसन कॉलेजात २००६ ते २००९ या काळात तो तीन हंगाम खेळला, आणि ते तिन्ही हंगाम एकमेकांपासून इतके वेगळे आहेत की कारकीर्द वाचण्याच्या बहुतेक सगळ्या खुब्या त्यांच्यावरच शिकता येतात.

वर्षांची मोजणी

वहीत सर्वांत आधी वर्षे मांडावीत. कॉलेजचा हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुरू होऊन एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपतो, म्हणून त्याचे नाव २००७-०८ असे दोन वर्षांच्या जोडीने लिहितात. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी फ्रेशमन, दुसऱ्याचा सोफमोर, तिसऱ्याचा ज्युनियर आणि चौथ्याचा सीनियर, ही नावे सामन्यांच्या समालोचनात सतत कानांवर येतात. एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या प्रचलित नियमानुसार खेळाडूला पाच वर्षांच्या मुदतीत चार हंगाम खेळता येत आले आहेत. जो खेळाडू एखादे वर्ष संघाबरोबर सराव करतो पण सामने न खेळता तो हंगाम शिल्लक ठेवतो, त्याला रेडशर्ट म्हणतात. त्यामुळे कॉलेजातील चौथे वर्ष आणि मैदानावरील चौथा हंगाम या दोन गोष्टी एकच असतील असे नाही. करीच्या धाकट्या भावाचे, सेथ करीचे, उदाहरण पाहावे. लिबर्टी विद्यापीठात एक हंगाम खेळून तो ड्यूकला गेला, आणि तेव्हाच्या नियमानुसार कॉलेज बदलल्याबद्दल त्याला २००९-१० चा पूर्ण हंगाम बाहेर बसावे लागले. वहीत त्या वर्षाची ओळ कोरी दिसेल, आणि ती कोरी का आहे हे शेजारी लिहिले नाही तर दुखापत किंवा निवड न होणे असा चुकीचा अर्थ सहज निघेल.

ही मोजणी का महत्त्वाची, हे एकूण गुणांच्या विक्रमावरून कळते. पीट मॅराविच १९६७ ते १९७० या काळात लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून ८३ सामने खेळला आणि त्याने ३,६६७ गुण केले. त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळण्याची मुभा नव्हती, म्हणून त्याला तीनच हंगाम मिळाले. जिच्या बाहेरून टाकलेल्या बास्केटला दोनऐवजी तीन गुण मिळतात ती तीन गुणांची रेषाही तेव्हा मैदानावर आखलेली नसे, ती कॉलेज बास्केटबॉलमध्ये सर्वत्र १९८६-८७ च्या हंगामापासून आली. डेट्रॉइट मर्सी विद्यापीठाचा अँटवान डेव्हिस २०१८ ते २०२३ असे पाच हंगाम खेळला, कारण करोनाकाळातील २०२०-२१ चा हंगाम कोणाच्याही मुदतीत मोजायचा नाही असे ठरले होते, आणि १४४ सामन्यांत त्याचे ३,६६४ गुण झाले. विक्रमाला तीन गुण कमी पडले. आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्कने २०२० ते २०२४ या चार हंगामांत ३,९५१ गुण करून महिला आणि पुरुष दोघांच्याही यादीत पहिले स्थान मिळवले. तिलाही जादा वर्ष उपलब्ध होते, पण तिने ते घेतले नाही. हे तीन आकडे एकाखाली एक लिहून कोण मोठे ते ठरवू पाहणे व्यर्थ आहे. त्यांच्या शेजारी हंगाम, सामने आणि नियम लिहिले की मगच ते बोलू लागतात, आणि तसे लिहिल्यावर माझ्या मनातील मॅराविचबद्दलचा आदर दुपटीने वाढला, हे नमूद करतो.

खेळाडू त्या कॉलेजात कसा आला

पुढचे पान प्रवेशाचे. अमेरिकेत चांगल्या शालेय खेळाडूंच्या घरी प्रशिक्षक स्वतः जातात आणि त्यांना शिष्यवृत्ती देऊ करतात. कोणी देऊ केली आणि कोणी नाही, हे नोंदवले तर खेळाडूच्या पहिल्या हंगामाकडे पाहण्याची दृष्टी मिळते. करीचे वडील डेल करी व्हर्जिनिया टेकचे नामवंत खेळाडू आणि पुढे एनबीएतील नाणावलेले नेमबाज होते. त्याच व्हर्जिनिया टेकने मुलाला शिष्यवृत्ती दिली नाही; वॉक-ऑन म्हणून, म्हणजे स्वखर्चाने शिकून संघात येण्याचा, मार्ग तेवढा दाखवला. शालेय वयात तो उंचीने बेताचा आणि अंगाने फारच किरकोळ होता. मोठ्या विद्यापीठांना अशा मुलावर जागा खर्च करण्याचा धीर झाला नाही, आणि शार्लट शहरापासून तासाभराच्याही आत असलेल्या, दोन हजारांहून कमी विद्यार्थ्यांच्या डेव्हिडसन कॉलेजचे प्रशिक्षक बॉब मॅकिलॉप यांनी त्याला घेतले.

या नोंदीचा उपयोग लगेच होतो. नोव्हेंबर २००६ मध्ये ईस्टर्न मिशिगनविरुद्धच्या आपल्या पहिल्याच सामन्यात करीने १५ गुण केले आणि तब्बल १३ टर्नओव्हर केले, म्हणजे तेरा वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती घालवला. मोठ्या विद्यापीठाच्या भरगच्च संघात अशा पदार्पणानंतर मुलगा बाकावर बसला असता. मॅकिलॉप यांनी त्याला लगेच पुढच्या सामन्यातही खेळवले आणि त्यात मिशिगन विद्यापीठाविरुद्ध त्याने ३२ गुण केले. खेळाडूला चुका करण्याची मोकळीक कोठे मिळाली, हे गुणसरासरीच्या रकान्यात कधीच सापडत नाही. ते प्रवेशाच्या पानावरून आणि पहिल्या दहा-बारा सामन्यांवरून शोधावे लागते. माझ्या मते कॉलेज कारकिर्दीतील सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

आकड्यांची फोड

आता मुख्य काम. खेळाडूचे हंगामवार आकडे एकाखाली एक उतरवून घ्यावेत, आणि ते सरासरीत न घेता एकूण संख्येत घ्यावेत. करीचे असे आहेत :

२००६-०७ : ३४ सामने, ७३० गुण. एकूण शॉट ५२३, यशस्वी २४२. त्यांपैकी तीन गुणांचे २९९, यशस्वी १२२. फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे एकेका गुणाचे मोकळे शॉट, १४५, यशस्वी १२४.
२००७-०८ : ३६ सामने, ९३१ गुण. एकूण शॉट ६५६, यशस्वी ३१७. तीन गुणांचे ३६९, यशस्वी १६२. फ्री थ्रो १५१, यशस्वी १३५.
२००८-०९ : ३४ सामने, ९७४ गुण. एकूण शॉट ६८७, यशस्वी ३१२. तीन गुणांचे ३३६, यशस्वी १३०. फ्री थ्रो २५१, यशस्वी २२०.

आधी बेरीज जुळवून पाहावी, कारण उतरवताना एखादा आकडा चुकला की पुढचे सगळे निष्कर्ष चुकतात. २००७-०८ च्या हंगामात ३१७ यशस्वी शॉटपैकी १६२ तीन गुणांचे, म्हणजे १५५ दोन गुणांचे. १५५ दुणे ३१०, १६२ त्रिक ४८६ आणि फ्री थ्रोचे १३५, एकूण ९३१. हिशेब जुळला.

सामन्यांच्या संख्येने भागले की सरासरी २१.५, २५.९ आणि २८.६ अशी चढत जाते, आणि वरवर पाहणारा म्हणतो की खेळाडू दरवर्षी सुधारत गेला आणि तिसऱ्या वर्षी सर्वोत्तम झाला. तिसऱ्या वर्षी तो गुणसरासरीत देशात पहिलाही होता. पण क्रिकेटमध्ये आपण धावांबरोबर त्या किती चेंडूंत झाल्या हे पाहतो, तसे येथे गुण किती शॉटमध्ये झाले हे पाहिले पाहिजे. त्यासाठी सोपे सूत्र आहे : एकूण यशस्वी शॉटमध्ये तीन गुणांच्या यशस्वी शॉटची निम्मी संख्या मिळवावी आणि येणाऱ्या बेरजेला एकूण शॉटने भागावे. तीन गुणांचा शॉट दोन गुणांच्या शॉटच्या दीडपट मोलाचा असतो, म्हणून ही निम्मी संख्या. दुसऱ्या हंगामात ३१७ अधिक ८१ म्हणजे ३९८, भागिले ६५६, येतात ६०.७ टक्के. याच रीतीने पहिल्या हंगामाचे ५७.९ आणि तिसऱ्याचे ५४.९ टक्के येतात. ज्या वर्षी सरासरी सर्वाधिक, त्याच वर्षी नेमबाजीची परिणामकारकता सर्वांत कमी.

येथे थांबून कारण शोधायचे. तिसऱ्या हंगामात दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. पुरुषांच्या कॉलेज सामन्यांतील तीन गुणांची रेषा २००८-०९ पासून १९ फूट ९ इंचांवरून २० फूट ९ इंचांवर, म्हणजे एक फूट मागे नेली गेली. (आज ती २२ फूट पावणेदोन इंचांवर आहे, म्हणून त्या वेळच्या आणि आजच्या थ्री-पॉइंटरची तुलना करताना हेही ध्यानात ठेवावे.) दुसरा बदल असा की संघाचा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणून चाली रचणारा खेळाडू, जेसन रिचर्ड्स पदवी घेऊन बाहेर पडला आणि त्याची जागा करीला घ्यावी लागली. करीची तीन गुणांची टक्केवारी ४३.९ वरून ३८.७ वर आली, ती रेषेमुळे की नव्या भूमिकेमुळे? दोन कारणे एकत्र आली की त्यांना वेगळे करण्यासाठी असा आकडा शोधावा ज्यावर त्यांपैकी एकाचाच परिणाम होतो. दोन गुणांच्या शॉटचा रेषेशी संबंध नाही. त्यातही तो ५४ टक्क्यांवरून ५१.९ टक्क्यांवर आला. घसरण आहे, पण लहान आहे. फ्री थ्रोमध्ये तो ८९.४ वरून ८७.६ वर आला, म्हणजे हात पूर्वीसारखाच स्थिर होता. यावरून इतके म्हणता येते की नव्या भूमिकेचा भार पडला होता, पण तीन गुणांच्या टक्केवारीतील घट तेवढ्या भारापेक्षा मोठी आहे आणि तिच्यात मागे सरकलेल्या रेषेचाही वाटा असणार.

आता याहून बोलका हिशेब. गुणांची फोड सामन्यागणिक केली तर दुसऱ्या हंगामात करी दोन गुणांच्या शॉटमधून ८.६, तीन गुणांच्या शॉटमधून १३.५ आणि फ्री थ्रोमधून ३.८ गुण मिळवत होता. तिसऱ्या हंगामात हेच आकडे १०.७, ११.५ आणि ६.५ झाले. थ्रीमधून दोन गुण घटले, दोन गुणांच्या शॉटमधून साधारण तेवढेच वाढले, आणि सरासरीत जी सुमारे पावणेतीन गुणांची वाढ दिसते ती जवळजवळ पूर्ण फ्री थ्रोची आहे. आदल्या वर्षी १५१ फ्री थ्रो घेणारा खेळाडू यंदा २५१ घेतो, याचा अर्थ तो रेषेबाहेर मोकळा सापडण्याची वाट न पाहता चेंडू घेऊन बचावफळीत शिरतो आहे, अंगावर फाउल घेतो आहे. याच वर्षी त्याचे असिस्ट, म्हणजे ज्यांवर सहकाऱ्याने लगेच बास्केट केली असे पास, सामन्यामागे २.९ वरून ५.६ वर गेले. सडपातळ म्हणून ज्याला नाकारले होते त्या मुलाने गर्दीत घुसण्याचे काम शिकून घेतले, ही त्या हंगामाची खरी कथा आहे, आणि ती वहीतल्या तीन ओळींतून निघाली.

एक सामना सूक्ष्मपणे पाहावा

आकडेमोड झाली की किमान एक सामना बॉक्स स्कोअर, म्हणजे प्रत्येक खेळाडूच्या त्या सामन्यातील आकड्यांचा तक्ता, समोर ठेवून तपासावा, आणि तो शक्यतो खेळाडूच्या सर्वांत वाईट दिवसाचा निवडावा. चांगल्या दिवशी सगळेच दिसते. वाईट दिवशी खेळाडू काय करतो हे पाहिले तर त्याची समज कळते.

१८ नोव्हेंबर २००८ रोजी करीने ओक्लाहोमाविरुद्ध ४४ गुण केले, ही त्याची कॉलेजमधील सर्वोच्च खेळी. तो सामना डेव्हिडसन हरले. आठवड्याने, २५ नोव्हेंबरला, मेरीलँडमधील लोयोलाविरुद्धच्या बॉक्स स्कोअरमध्ये त्याच्या नावापुढे शून्य गुण आहेत. केवळ तीन शॉट, तिन्ही चुकलेले. फक्त हा रकाना पाहणारा वाचक म्हणेल की त्याला लय सापडली नाही. पण संघाचा गुणफलक पाहावा : डेव्हिडसन ७८, लोयोला ४८. लोयोलाच्या प्रशिक्षकांनी संपूर्ण सामनाभर दोन खेळाडू करीच्या अंगाला चिकटवून ठेवले होते, चेंडू कोठेही असो. करीने त्यांच्याशी झुंजत बसण्याऐवजी त्या दोघांना घेऊन कोपऱ्यात उभे राहणे पत्करले, आणि उरलेल्या मैदानावर डेव्हिडसनचे चार जण लोयोलाच्या तिघांविरुद्ध खेळले. देशात सर्वाधिक सरासरीने गुण करणारा वीस वर्षांचा खेळाडू चाळीस मिनिटांच्या सामन्यात कोपरा धरून उभा राहतो आणि संघ तीस गुणांनी जिंकतो. मला विचाराल तर त्याच्या १०४ कॉलेज सामन्यांतील हा सर्वांत शहाणा सामना आहे, आणि सरासरीच्या दृष्टीने तो निव्वळ नुकसानीचा आहे.

म्हणून माझी सूचना अशी की बॉक्स स्कोअर वाचताना खेळाडूच्या ओळीकडे शेवटी यावे. आधी अंतिम गुणसंख्या, मग दोन्ही संघांचे एकूण शॉट आणि टर्नओव्हर, मग सहकाऱ्यांचे शॉट किती टक्के पडले, आणि सरतेशेवटी त्याची ओळ. सहकाऱ्यांना सोपे शॉट मिळाले असतील तर ते कोणामुळे मिळाले, हा प्रश्न आपोआप पुढे येतो.

प्रतिस्पर्धी आणि मार्च

कॉलेजचे संघ कॉन्फरन्स नावाच्या गटांत विभागलेले असतात, आणि सगळे गट एका ताकदीचे नसतात. डेव्हिडसन तेव्हा सदर्न कॉन्फरन्समध्ये होते. टीकाकारांचा आक्षेप ठरलेला असतो : दुबळ्या गटात गुण केले, त्यात काय विशेष? आक्षेप रास्त आहे, म्हणून तो तपासूनच पाहावा. वहीत सामन्यांचे दोन गट करावेत, कॉन्फरन्समधील आणि बाहेरचे, आणि बाहेरच्यांपैकी बलाढ्य संघांवर खूण करावी. २००७-०८ मध्ये डेव्हिडसन सुरुवातीच्या दहा सामन्यांत चार जिंकले आणि सहा हरले. हरलेल्यांत नॉर्थ कॅरोलायना, ड्यूक आणि यूसीएलए यांच्याविरुद्धचे सामने होते. नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध ते अवघ्या चार गुणांनी आणि एनसी स्टेटविरुद्ध एकाच गुणाने हरले. चार-सहा ही नोंद निराशाजनक दिसते, पण ते कोणाशी हरले आणि किती गुणांनी हरले हे लिहिल्यावर ती आश्वासक वाटू लागते. यानंतर ते सलग २५ सामने जिंकले.

त्या पंचवीसांपैकी शेवटचे तीन राष्ट्रीय स्पर्धेतले आहेत. मार्चमध्ये होणाऱ्या या बाद फेरीच्या स्पर्धेत त्या वेळी ६५ संघ असत, २०११ मध्ये ते ६८ झाले, आणि चार विभागांत त्यांना १ ते १६ असे मानांकन मिळते. दहाव्या मानांकनाच्या डेव्हिडसनने सातव्या गोंझागाला ८२-७६ असे हरवले, त्यात करीचे ४० गुण होते आणि दहापैकी आठ थ्री पडले होते. या स्पर्धेतला डेव्हिडसनचा हा १९६९ नंतरचा पहिला विजय. दुसऱ्या मानांकनाच्या जॉर्जटाउनविरुद्ध ते १७ गुणांनी मागे होते. करीच्या ३० गुणांपैकी २५ उत्तरार्धात आले आणि डेव्हिडसन ७४-७० असे जिंकले. तिसऱ्या मानांकनाच्या विस्कॉन्सिनला त्यांनी ७३-५६ असे नमवले, करीचे गुण ३३. हा आणि त्यानंतरचा सामना डेट्रॉइटमध्ये होता, आणि तेथे विद्यार्थ्यांना जाता यावे म्हणून कॉलेजच्या विश्वस्तांनी बस, निवास आणि तिकिटे यांचा खर्च उचलला होता.

मग कॅन्सस. येथे करीचे २५ गुण झाले, पण त्यासाठी त्याला २५ शॉट लागले आणि १६ पैकी चारच थ्री पडले. शेवटच्या सोळा-सतरा सेकंदांत डेव्हिडसन दोन गुणांनी मागे होते आणि चेंडू करीच्या हातात होता. दोन बचावपटू त्याच्यावर धावून आले, त्याने मोकळ्या रिचर्ड्सला पास दिला, रिचर्ड्सचा लांबून मारलेला शॉट चुकला आणि कॅन्सस ५९-५७ असे जिंकले. पुढे तोच संघ राष्ट्रीय विजेता ठरला. लोयोलाविरुद्धचा कोपरा आणि कॅन्ससविरुद्धचा तो पास शेजारी शेजारी ठेवून पाहावेत : दोघे अंगावर आले की चेंडू मोकळ्याकडे जातो, मग हंगाम पणाला लागलेला असो वा नसो.

मार्चच्या बाबतीत उलट बाजूही नोंदवली पाहिजे. छोट्या कॉन्फरन्समधून बहुधा विजेत्या संघालाच राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळते. २००८-०९ मध्ये डेव्हिडसन कॉन्फरन्सच्या उपांत्य फेरीत कॉलेज ऑफ चार्ल्सटनकडून हरले आणि करीच्या सर्वाधिक गुणांच्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेचे दार बंद राहिले. म्हणून एखाद्या खेळाडूच्या नावापुढे मार्चमधील सामने दिसले नाहीत तर तो कमी पडला असे एकदम मानू नये. त्याचा गट कोणता होता ते आधी पाहावे.

भारतात बसून हे सामने थेट पाहायचे असतील तर झोपेचे वेळापत्रक बदलावे लागते. मार्चमध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर घड्याळे एक तास पुढे गेल्यानंतर तेथील संध्याकाळचे सात म्हणजे आपले पहाटेचे साडेचार होतात.

आजच्या खेळाडूसाठी वाढीव रकाने

करीच्या काळच्या वहीत नसलेले दोन रकाने आजच्या खेळाडूसाठी आखावे लागतात. पहिला कॉलेज बदलण्याचा. सेथ करीला वर्षभर बाहेर बसावे लागले तशी सक्ती आता राहिलेली नाही. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल आले, २०२१ मध्ये एकदा कॉलेज बदलून लगेच खेळण्याची परवानगी मिळाली, आणि २०२४ पासून अभ्यासातील अटी पाळणाऱ्या खेळाडूला कितीही वेळा बदल करता येतो. त्यामुळे चार हंगाम, तीन कॉलेजे अशी कारकीर्द आता नवलाची नाही, आणि अशा वेळी दोन हंगामांतील फरक वाचताना नवा प्रशिक्षक, नवा गट आणि नवी भूमिका यांची नोंद प्रत्येक वेळी नव्याने करावी.

दुसरा रकाना पैशाचा. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचे नाव आणि छबी वापरू देऊन जाहिरातींतून कमाई करता येते, आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार कॉलेजेही आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षी प्रत्येक संस्थेसाठी, सर्व खेळ मिळून, ही मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. खेळाडू चौथ्या वर्षी का थांबला किंवा का गेला, याचे उत्तर आता या रकान्यातही शोधावे लागते. खेळाडूंच्या घामावर इतकी वर्षे चाललेल्या या व्यवहारात त्यांना वाटा मिळतो आहे याचा मला मनापासून आनंद आहे; मात्र डेव्हिडसनसारख्या छोट्या कॉलेजात तिसऱ्या वर्षापर्यंत टिकून राहणारा करी यापुढे किती वेळा दिसेल, याची काळजीही वाटते.

शेवटची नोंद

कॉलेज सोडण्याची नोंद करताना किती हंगाम शिल्लक ठेवून गेला हे लिहावे. ड्राफ्ट म्हणजे एनबीए संघांनी नवे खेळाडू निवडण्याची वार्षिक प्रक्रिया. २००६ च्या ड्राफ्टपासून एनबीएत येण्यासाठी ड्राफ्टच्या वर्षात वय १९ पूर्ण होणे आणि शाळा संपून एक वर्ष झालेले असणे आवश्यक ठरले, म्हणून अनेक गुणी खेळाडू कॉलेजात एकच वर्ष थांबतात. करीबरोबरच २००६-०७ मध्ये फ्रेशमन असलेला टेक्सासचा केव्हिन ड्युरंट त्या एका हंगामात २५.८ च्या सरासरीने खेळून गेला. करी तीन वर्षे थांबला, २,६३५ गुण आणि ४१४ थ्री अशी नोंद मागे ठेवून एक हंगाम बाकी असताना निघाला, आणि २००९ च्या ड्राफ्टमध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सने त्याला सातव्या क्रमांकावर घेतले.

बहुतेक जण वही येथे मिटतात. एक रकाना मात्र मोकळा ठेवावा, पदवीचा. हे खेळाडू त्या कॉलेजात विद्यार्थी म्हणून दाखल झालेले असतात, आणि डेव्हिडसनचा नियम असा की पदवी पूर्ण केलेल्या खेळाडूचाच जर्सी क्रमांक निवृत्त केला जातो, म्हणजे त्याच्या सन्मानार्थ पुन्हा कोणाला दिला जात नाही. करीने डेव्हिडसनचा एकूण गुणांचा विक्रम मोडला, व्यावसायिक विजेतेपदे मिळवली, तरी त्याचा ३० क्रमांक वर टांगला गेला नव्हता आणि कॉलेजने त्याच्यासाठी नियम वाकवला नाही. त्याने उरलेला अभ्यासक्रम पूर्ण करून मे २०२२ मध्ये समाजशास्त्राची पदवी मिळवली. कॉलेजच्या नियमित पदवीदान समारंभाला त्याला व्यावसायिक सामन्यांमुळे जाता आले नाही, म्हणून ३१ ऑगस्ट २०२२ रोजी डेव्हिडसनमध्ये त्याच्या एकट्यासाठी समारंभ झाला, आणि त्याच दिवशी ३० क्रमांक निवृत्त करण्यात आला. माझ्या वहीत २००८-०९ च्या ओळीखालील तो मोकळा रकाना तेरा वर्षांनी भरला गेला.